दवण्याची ओळख, लव्हेंडरची वाट

औंधला डोळा तयार करण्याची सोय आहे आणि कान तयार करण्याचीही आहे. यमाईच्या डोंगराच्या चढावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली श्री भवानी संग्रहालय उभारलं. राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या ‘माता आणि मूल’ या शिल्पापर्यंत तिथलं सगळं पाहत वाढलेल्या माणसाला युरोपातल्या कलादालनात परकं वाटण्याचं कारण नाही. आश्विनात होणाऱ्या औंधच्या संगीत उत्सवानं १९४० पासून हेच काम कानांसाठी केलं. नाकाची शाळा मात्र चैत्रात भरते, आणि तिला इमारत लागत नाही. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर गुलालासोबत दवणा वाहतात, आणि त्या दिवशी पालखी निघते ती त्याच डोंगरावरच्या यमाईच्या देवळाकडे. औंधासुराला मारणाऱ्या देवीला जोतिबानं ‘ये माई’ अशी हाक घातली, ही कथा औंधात कुणाला सांगावी लागत नाही. त्या दिवसांत हातात आलेली दवण्याची जुडी ही खरं तर एका मोठ्या सुगंधी व्यापारातली वस्तू आहे. वनस्पतिशास्त्रात तिचं नाव आर्टेमिसिया पॅलेन्स. दक्षिण भारतात तिची शेती होते, वाफेवर तिचं तेल काढतात आणि ते तेल जगभरचे अत्तरकार वापरतात. दक्षिण फ्रान्समध्ये लव्हेंडर पाहायला निघालेल्या साताऱ्या-सांगलीकडच्या वाचकांना म्हणूनच पहिली गोष्ट सांगायची ती ही, की तयारीची सुरुवात व्हिसाच्या अर्जापासून करू नका, दवण्याच्या जुडीपासून करा. आणि दुसरी गोष्ट, जिच्यावर हा सारा लेख उभा आहे: तिथली सहल रंग पाहून आखू नका. उंची पाहून, म्हणजेच नाकाला विचारून आखा.

असं म्हणायला सबळ कारण आहे. प्रोव्हान्स म्हटलं की जे चित्र डोळ्यांपुढे येतं, क्षितिजापर्यंत सरळ गेलेल्या गर्द जांभळ्या ओळी, मधोमध एखादं दगडी घर, ते चित्र बहुतेक वेळा व्हालॉन्सोलच्या पठाराचं असतं. आणि त्या पठारावर बहुतांशी लव्हेंडर नसतंच, लाव्हांदँ असतं. खरं लव्हेंडर, लॅव्हेंड्युला अँगस्टिफोलिया, ही डोंगराची वनस्पती. तिची एक बहीण, रुंद पानांची ‘आस्पिक’, खालच्या उष्ण उतारांवर वाढते. दोघींच्या हद्दी जिथे भिडतात तिथे मधमाश्यांनी परागकण इकडचे तिकडे नेले आणि संकर झाला, तो लाव्हांदँ. खेचराला जसं पिल्लू होत नाही तसं या झाडाला रुजणारं बी धरत नाही, म्हणून त्याची लागवड छाटकलमांनी होते. विसाव्या शतकात शेतकऱ्यांनी त्याचे चांगले वाण निवडून वाढवले. आज सर्वांत जास्त पसरलेला वाण ‘ग्रोस्सो’ हा त्या भागातल्याच एका शेतकऱ्याच्या नावाचा आहे. एक लिटर तेलासाठी खऱ्या लव्हेंडरची फुलं साधारण १३० किलो लागतात, लाव्हांदँची ४० किलोच्या आसपास पुरतात. शेतकरी कशाकडे वळणार हे आपल्याकडे उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना समजावून सांगायला नको. छायाचित्रात इतकी मोहक दिसणारी ती एकसारखी ओळ एकसारखी का आहे, याचं उत्तरही इथेच आहे: शेतातलं प्रत्येक झाड एकाच मूळ झाडाची नक्कल असतं, म्हणून उंची एक, रंग एक, फुलण्याचा दिवसही जवळजवळ एक. बियांपासून वाढवलेल्या डोंगरी लव्हेंडरच्या शेतात प्रत्येक झुडूप थोडं वेगळं असतं. कुठे निळसर, कुठे फिकट, मध्येच एखादं गुलाबीकडे झुकणारं. फोटोत ते विरळ दिसतं. वासात ते भरलेलं असतं.

दोहोंमधला फरक ओळखणं अवघड नाही, आणि शेताच्या बांधावर उभं राहून स्वतः ओळखण्यात फार आनंद आहे. दांडा बघा. एका दांड्यावर एकच बोंड असेल, दांडा आखूड असेल, तर ते लव्हेंडर. दांडा लांब असून मुख्य बोंडाच्या खाली दोन बाजूंना छोटे फाटे फुटले असतील आणि झुडूप गोल गरगरीत असेल, तर ते लाव्हांदँ. मग रस्त्याच्या कडेला पडलेलं एखादं फूल बोटांत चुरडा. लाव्हांदँमध्ये कापराचा अंश ठळक असतो. देवघरातला कापूर ज्याच्या नाकात मुरलेला आहे अशा मराठी माणसाला तो क्षणात कळतो, तिथल्या पुष्कळ पर्यटकांपेक्षा लवकर. खऱ्या लव्हेंडरमध्ये कापूर जवळजवळ नसतो. गोडसर, किंचित फळासारखा, मागे वाळल्या गवताची आठवण देणारा असा तो वास असतो. मात्र शेतात शिरू नका. ही शेतं खाजगी आहेत, ओळींमधून चालल्यानं झुडपं मोडतात, आणि फुलोऱ्याच्या दिवसांत तिथे मधमाश्यांच्या पेट्या मांडलेल्या असतात. माशी चावल्यावर ज्यांना जास्त त्रास होतो त्यांनी तर बांधावरूनच समाधान मानावं.

यावर साधा आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही: आयुष्यात एकदा एवढ्या लांब जायचं, एवढा पैसा घालायचा, तर तो जांभळा समुद्र पाहायचा नाही का? जरूर पाहायचा. व्हालॉन्सोल टाळा असं इथे कुणी सांगत नाही. लाव्हांदँ म्हणजे नकली लव्हेंडर असंही समजू नका. साबण, धुण्याची पावडर, कपाटातल्या पुरचुंड्या यांसाठी ते सच्चं आणि उपयोगी पीक आहे, आणि त्या प्रदेशातली शेतकरी घरं त्यावर उभी आहेत. प्रश्न वेळ कसा वाटायचा हा आहे. बहुतेक प्रवासी हातातले दोन्ही दिवस पठारावर आणि गोर्दजवळच्या सेनांक मठापुढच्या गर्दीत घालवतात. बाराव्या शतकातला तो मठ सुंदर आहेच, पण तिथे माणसं एकमेकांच्या फोटोत येतात आणि वासाकडे लक्ष द्यायला उसंत मिळत नाही. दोन दिवस असतील तर एक सकाळ पठाराला द्या आणि उरलेला वेळ वर जा: व्हाँतू पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या सो या गावाकडे, किंवा त्याहून वरच्या द्रोम भागातल्या फेरासिएरसारख्या खेड्यांकडे. व्हालॉन्सोल पाचशे-सहाशे मीटरांवर आहे, सो साडेसातशेच्या पुढे. फ्रान्सनं १९८१ मध्ये ‘ओत-प्रोव्हान्सचं लव्हेंडर तेल’ या नावाला कायद्याचं संरक्षण दिलं, तेव्हा अट हीच घातली की झाडं बियांपासून वाढवलेली हवीत आणि शेत आठशे मीटरांहून उंच हवं. आपल्याकडे महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन आहे, त्याच जातीची ही गोष्ट. उंचीला तिथे कायद्यानं मोल आहे.

दुसरा आक्षेप जास्त खोलातला आहे. ‘लव्हेंडरचा वास आम्हाला साबणासारखा वाटतो, फरशी पुसायच्या द्रवासारखा वाटतो, त्यासाठी एवढी पायपीट कशाला?’ असं अनेक घरांत म्हणतात. त्यांचं नाक चुकत नाही. त्यांना आजवर जे भेटलं ते लाव्हांदँ होतं, किंवा कारखान्यात तयार झालेली त्याच्या मुख्य घटकांची नक्कल होती, आणि ती खरोखरच साबणात आणि फरशीच्या द्रवात घातली जाते. ओळख चुकीच्या दारानं झाली. म्हणून दवण्यापासून सुरुवात करायची. चैत्रात जुडी घरी आली की देवापुढे ठेवण्याआधी नुसती हुंगा, मग एक पान चुरडून हुंगा. उरलेली जुडी दोन दिवसांनी, आठ दिवसांनी, आणि पूर्ण वाळून कपाटात गेल्यावर पुन्हा हुंगा. ओला दवणा हिरवा आणि तिखट असतो, वाळता वाळता त्यातून पिकल्या फळासारखी गोडी वर येते. मरव्याबरोबर हेच करा. वाळ्याची मुळं आधी कोरडी हुंगा आणि मग त्यांवर पाणी शिंपडून हुंगा. आठवड्याभरात एक गोष्ट पक्की कळते: वास ही एकच ठरीव वस्तू नाही, तो वेळेबरोबर उलगडत जातो, जसा राग आलापातून उलगडतो. हे कळलेलं नाक घेऊन जो प्रोव्हान्सला जाईल, तो शेताच्या कडेला पहाटे, भर दुपारी आणि सूर्य कलल्यावर असा तीनदा उभा राहील. भर उन्हात तेल उडून हवेत मिसळतं आणि वास सर्वांत दाट होतो; पहाटे तो पातळ पण स्वच्छ असतो. नाक नव्यानं तयार करावं लागतं असंही नाही. मुठीत धरलेल्या तांदळावरून आंबेमोहोर ओळखणारी, देठाशी हुंगून आंबा कधी उतरला ते सांगणारी माणसं आपल्या घरांत आहेतच. ही ताकद आपण स्वयंपाकघरापुरती ठेवली आहे, एवढंच.

औंध, खटाव, माण, आटपाडी या पट्ट्यातून जाणाऱ्या वाचकांना त्या प्रदेशात आणखी एक ओळख पटेल. तीही कमी पावसाची, दगडगोट्यांची, उघड्या डोंगरांची भूमी आहे. सुगंधी तेल धरणाऱ्या पुष्कळ वनस्पतींना कोरडी हवा, भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा करणारी हलकी जमीन मानवते. थाइम, रोझमेरी, सेज या सगळ्या तिथल्या माळावरच्या. पण इथेच सावधही राहिलं पाहिजे, कारण हे साम्य पाहून ‘मग माणदेशात लव्हेंडर का नको?’ हा प्रश्न मनात येतोच. प्रोव्हान्सचा पाऊस मुख्यतः थंड ऋतूंत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे उलट, ऊब आणि ओल एकत्र येतात, आणि हिवाळ्यात झाड गाढ झोपेल अशी थंडी पडत नाही. चव्वेचाळीस अंश अक्षांशावरचे आठशे मीटर आणि सतरा अंशांवरचे आठशे मीटर यांत मोठं अंतर आहे. महाबळेश्वर सोच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे, तरी तिथे बर्फ साचत नाही. तेव्हा रोप किंवा बी पिशवीत घालून आणण्याचा मोह टाळा. परवान्याशिवाय रोपं-बियाणं देशात आणणं वनस्पती संगरोधाच्या नियमांत बसत नाही, आणि ते इथे जगण्याची आशाही थोडी. भारतात लव्हेंडर यशस्वी झालं आहे ते जम्मूच्या डोडा जिल्ह्यात, भद्रवाहला. सीएसआयआरच्या अरोमा मिशनमधून तिथले शेतकरी मक्याकडून या पिकाकडे वळले, आणि २०२२ पासून तिथे लव्हेंडर महोत्सवही भरू लागला. फ्रान्सचा खर्च झेपत नसेल किंवा आई-वडिलांना एवढा लांबचा प्रवास सोसणार नसेल, तर भद्रवाह हे कमीपणाचं उत्तर नाही. झाड तेच आहे, डोंगरी लव्हेंडर. तेही जून-जुलैच्या सुमारास फुलतं.

आता तारखा. सहली इथेच सर्वांत जास्त फसतात. आपल्याकडची कुटुंबं निघतात ती मुलांच्या सुट्टीत, म्हणजे एप्रिलअखेरपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आणि त्या काळात लव्हेंडरचं शेत हिरवट-राखाडी असतं. फुलोरा खालून वर चढत जातो. व्हालॉन्सोलला जूनच्या मध्यावर रंग भरतो आणि जुलैच्या मध्यापासून कापणी चालू होते. सोच्या बाजूला तो जुलैभर टिकतो, कापणी ऑगस्टच्या तोंडावर होते, आणि १५ ऑगस्टला सोमध्ये लव्हेंडरचा सण असतो. यात शेतकरी घरांची सोय आपोआप होते. खरिपाची पेरणी उरकून, वारी परतल्यावर, जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात निघालात तर पठार कापलं जात असेल, पण वरच्या गावांत फुलं उभी असतील आणि भट्ट्या पेटलेल्या असतील. आणि हा लेख ज्या गोष्टीसाठी आहे तिच्या दृष्टीनं हाच काळ सर्वांत चांगला. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो; उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर संपतात, म्हणून दवण्याच्या दिवसांतच तो करून टाका. पॅरिसहून वेगवान रेल्वेनं आव्हिन्यों किंवा एक्स हे स्थानक तीन तासांच्या आत-बाहेर येतं. तिथून पुढे मात्र अडचण आहे. वरच्या गावांना बस अगदी थोड्या, त्यामुळे गाडी लागते, आणि तिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. घाटरस्त्यांवर ती सवय नसलेल्या माणसानं स्टिअरिंग हाती घेण्यापेक्षा चार-पाच जणांत मिळून चालकासह गाडी ठरवावी. तयार गटसहलीनं जाणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: कार्यक्रमात सो आहे का, आणि चालू भट्टी दाखवणार आहात का? ‘लव्हेंडर फील्ड व्हिजिट’ एवढंच छापलेलं असेल तर ती पठारावरची अर्ध्या तासाची फोटोफेरी असण्याची शक्यता जास्त.

भट्टीला अर्धा दिवस द्याच. कनौजच्या डेग-भपक्याबद्दल ऐकलेल्यांना तत्त्व नवं वाटणार नाही. कापलेली फुलं मोठ्या टाकीत दाबून भरतात, खालून वाफ सोडतात. वाफ फुलांतलं तेल उचलून वर नेते, थंड नळीतून जाताना तिचं पुन्हा पाणी होतं, आणि हलकं असल्यामुळे तेल त्या पाण्यावर तरंगतं. फरक एवढा की कनौजला भपक्यात चंदनाचं तेल आधीच असतं आणि फुलाचा वास त्यात मुरवतात, म्हणून ते अत्तर. इथे निखळ तेल वेगळं निघतं. टाकी उघडतात तेव्हा बाहेर पडणारा लोट मात्र कुठल्याही बाटलीत मिळत नाही. त्यात तेल असतं तसा शिजलेला दांडा असतो, ओला पेंढा असतो, किंचित जळकेपणाही असतो. अनेकांना तो पहिल्यांदा आवडत नाही. थांबा, पाच मिनिटं बाहेर उभे राहा आणि पुन्हा आत जा. खाली साचणारं सुगंधी पाणीही विकायला असतं. आपल्या गुलाबपाण्यासारखं ते स्वस्त आणि सौम्य असतं, आणि लहान मुलांच्या घरात तेलापेक्षा तेच बरं. कुस्तलेच्या लव्हेंडर संग्रहालयात जुने तांब्याचे बंब मांडून ठेवले आहेत. भट्टी पाहिल्यावर ते पाहिले तर जास्त बोलतात.

खरेदीच्या बाबतीत एक जुना इतिहास आपल्याच मातीतला आहे आणि तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. खानदेश-वऱ्हाडच्या डोंगरांत उगवणाऱ्या रोशा गवताचं, ज्याला काही भागांत तिखाडी म्हणतात, तेल एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राकडे आणि पुढे कॉन्स्टँटिनोपलला जात असे. त्याचा वास गुलाबाच्या जवळचा. तिथून ते बल्गेरियात पोहोचे आणि गुलाबाच्या महागड्या अत्तरात मिसळलं जाई. व्यापारात त्याचं नाव होतं ‘तुर्की जिरेनियम’. ते तुर्की नव्हतं आणि जिरेनियमही नव्हतं. आमच्या डोंगरातलं उत्तम तेल दुसऱ्याच्या नावाखाली खपलं आणि कापणाऱ्याच्या हाती नाव उरलं नाही. लव्हेंडरच्या बाजारात हेच चालतं: महाग तेलात लाव्हांदँचं तेल मिसळायचं, किंवा लिनालूल हा लव्हेंडरचा मुख्य घटक कारखान्यातून आणून, तो घालून वाढवायचं. म्हणून बाटलीवरचं चित्र पाहू नका, लॅटिन नाव वाचा. ‘लॅव्हेंड्युला अँगस्टिफोलिया’ लिहिलेलं हवं. ‘हायब्रिडा’ किंवा ‘इंटरमीडिया’ असेल तर ते लाव्हांदँ. ‘उईल एसांसिएल’ म्हणजे वनस्पतीचं निखळ तेल. नुसतं ‘पारफँ’ लिहिलं असेल तर ती सुगंधी बनावट असू शकते. संरक्षित नावाची ‘आओपे’ ही खूण दिसली तर किंमत जास्त असली तरी ती सार्थ आहे. वर्ष आणि गाव लिहिलेलं असेल तर फारच चांगलं. मग कागदाच्या पट्टीवर एक थेंब घ्या. एका मिनिटानं हुंगा, गावात चक्कर मारून तासाभरानं हुंगा, मुक्कामी नेऊन सकाळी हुंगा, आणि मग दुसऱ्या दिवशी विकत घ्या. दुकानदाराची घाई मनावर घेऊ नका. दहा मिलिलिटरच्या गडद काचेच्या दोन बाटल्या घरासाठी पुष्कळ होतात. हातसामानात द्रवाची प्रत्येक बाटली शंभर मिलिलिटरच्या आत हवी, तीही त्यात बसते.

तिसरा आक्षेप आनंदाच्या नव्हे तर उपयोगाच्या बाजूनं येतो: हे तेल औषधी आहे, मग नुसतं हुंगण्याच्या गोष्टी का? ‘अरोमाथेरपी’ हा शब्द ज्यांनी रूढ केला ते ल्योंचे रसायनतज्ज्ञ रेने-मोरिस गातफोसे. १९१० मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात ते भाजले, जखम सडू लागली तेव्हा त्यांनी ती लव्हेंडरच्या तेलानं धुतली, आणि १९३७ मध्ये त्यांचं त्याच नावाचं पुस्तक निघालं. यावरून तेल सर्व रोगांवर चालतं असं ठरत नाही. प्रतिजैविकं येण्यापूर्वीच्या काळातला तो एका जाणत्या माणसाचा प्रयोग होता. लव्हेंडरच्या वासानं मन शांत होतं, झोपेला मदत होते, हा पुष्कळांचा अनुभव आहे आणि त्याला संशोधनाचा काही आधारही आहे. त्यापुढचे दावे दुकानातल्या पत्रकांवर सोडून द्यावेत. घरात वापरताना काही गोष्टी काटेकोरपणे पाळा. तेल पोटात घेऊ नका, एक थेंबही नाही. अंगाला लावायचं तर तीस मिलिलिटर तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात बारा थेंब, यापेक्षा जास्त नको, आणि आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहा. कापराचा अंश असलेलं लाव्हांदँ किंवा आस्पिकचं तेल लहान मुलांपासून दूर ठेवा. कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येऊ शकतात. दमा असलेल्यांच्या खोलीत दिवा-भांड्यात तेल तापवू नका. गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. आणि बाटली उघडल्यावर ती वर्षानुवर्षं जपून ठेवू नका: हवा लागून लिनालूल बदलतं आणि तेच तेल त्वचेला खाज आणू लागतं. थंड, अंधाऱ्या जागी ठेवून वर्षभरात संपवलेलं बरं. अत्तराची कुपी आजीपासून नातीपर्यंत सांभाळण्याची आपली सवय या तेलाला लागू पडत नाही.

राहिला प्रश्न ज्यांना मे महिन्याखेरीज निघताच येत नाही त्यांचा. शिक्षक आहेत, शाळकरी मुलांचे आई-बाप आहेत, त्यांची संख्या मोठी. त्यांनी लव्हेंडरचा हट्ट सोडावा आणि ग्रासला जावं. कान शहरापासून जेमतेम सतरा किलोमीटरवरचं हे डोंगरगाव एकेकाळी कातडी कमावण्यासाठी प्रसिद्ध होतं. कातड्याच्या हातमोज्यांचा दर्प झाकायला ते सुगंधित करू लागले, आणि हळूहळू मोजे मागे पडून सुगंध हाच धंदा झाला. फुलं वाढवणं, कच्चा माल ओळखणं आणि वास जुळवणं ही ग्रास परिसराची विद्या २०१८ मध्ये युनेस्कोनं अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. मे महिन्यात तिथे गुलाब फुलतो, फक्त तीन-चार आठवडे, आणि तो पहाटे खुडतात. ऑगस्टपासून जाई-मोगऱ्याच्या कुळातली चमेली आणि निशिगंध. तोच निशिगंध, जो आपल्याकडे हारांत आणि लग्नाच्या मांडवात असतो. मूळचा मेक्सिकोचा, दोन्हीकडे पाहुणा म्हणून आलेला. तिथलं आंतरराष्ट्रीय सुगंध संग्रहालय सावकाश पाहावं, आणि जुन्या अत्तरघरांच्या फेऱ्यांत, ज्यांतल्या काही विनाशुल्क असतात, कच्च्या तेलांच्या बाटल्या हुंगायला मिळाल्या तर लव्हेंडर शोधण्याआधी एक विचारणा करावी: दवणा आहे का? फ्रेंचमध्येही त्याला ‘दाव्हाना’च म्हणतात, त्यामुळे शब्दाची अडचण येणार नाही.